बिबट्यावर उजेड कुणाचा?

शहरात जंगली जनावर रंगवायचं म्हटलं की प्रतीक आयतंच हाती येतं, आणि चित्र बिघडतं ते तिथेच. रेल्वेच्या फलाटावर वाघ उभा केला की बघणारा ‘निसर्गाचा सूड’ म्हणून मोकळा होतो. चित्रापुढे रेंगाळण्याचं कारण उरत नाही. तैलरंगात काम करताना माझं मत असं झालं आहे की अशा चित्राला अर्थ मिळतो तो जनावरावर पडलेल्या उजेडातून. जनावर रानातल्या उन्हात आणि भिंत रस्त्यावरच्या दिव्यात असेल, तर दोन चित्रं शेजारी चिकटवल्यासारखी दिसतात. दोघांवर एकच दिवा पडला की ती एका जगातली होतात, आणि मग त्यांचं नातं काय, हा प्रश्न टाळता येत नाही. जॉर्ज स्टब्सचा १७६३ मधला झेब्रा पाहावा. राणी शार्लटसाठी लंडनला आणलेलं ते जनावर त्यानं इंग्लंडच्या झाडीत, तिथल्याच मवाळ उजेडात रंगवलं. प्रतीक म्हणून काहीही मांडलेलं नाही. पट्टे आणि कान काटेकोर निरीक्षणातून आलेले आहेत. तरी त्याचं परकेपण आज ठळक जाणवतं, कारण तो उजेड त्याला सामावूनही घेतो आणि उघडाही पाडतो.

तैलरंग इथे उपयोगी पडतो तो त्याच्या संथपणामुळे. सोडियमच्या दिव्याखाली रंगांतले भेद जवळजवळ पुसले जातात: बिबट्याची पिवळी कातडी आणि चुन्याची भिंत एकाच नारिंगी छटेत येतात, काळे ठिपके तेवढे टिकतात. तिथे ट्यूबमधला यलो ऑकर तसाच लावला तर बिबट्या खोटा पडतो. एलईडीच्या पांढऱ्या उजेडात कातडीचा रंग परत येतो, पण सावलीच्या कडा कठोर होतात. ओल्या रंगात केसांची कड भिंतीत हळूहळू विरवता येते. थर वाळल्यावर जनावर आणि भिंत या दोघांवरून एकच पातळ पारदर्शक थर फिरवता येतो. दोघं एका हवेत येतात ती तेव्हा.

प्रतीकाला खऱ्या उजेडाची गरजच काय, असं कुणी विचारेल. फ्रान्झ मार्कचे १९११ मधले घोडे निळे आहेत. पण त्यांच्या मानेची वळणं मागच्या टेकड्यांतही आहेत. घोडे आणि टेकड्या एकच नियम पाळतात. तो नियम उजेडाचा असो वा रेषेचा, अर्धवट पाळून चालत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मुंबईत सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि आरेच्या वस्त्यांतून बिबटे फिरतात; मग हे प्रतीक कसलं, ही तर बातमी! शिवाय नयन खानोलकरांच्या आरेमधल्या बिबट्याच्या छायाचित्राला २०१६ मध्ये जागतिक वन्यजीव छायाचित्रण स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला आहे. चित्रकारासाठी उरलं काय? पण त्या छायाचित्राचं बळही उजेडातच आहे: गल्लीतल्या नेहमीच्या उजेडासारखा भासेल असा फ्लॅश त्यांनी लावला आणि बिबट्यानं चौकट व्यापू नये अशी रचना ठेवली. छायाचित्र ‘हे घडलं’ याची साक्ष देतं. चित्रकाराला तो दिवा बदलता येतो: पोलिसांच्या विजेरीत तोच बिबट्या गुन्हेगार दिसेल, स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या उजेडात शेजारी. वारली लोक वाघोबाला सूर्यचंद्रासोबत कोरतात, म्हणजे त्यांनी त्याला कुठल्या उजेडात पाहायचं हे कधीच ठरवलं आहे. शहरानं ते अजून ठरवलेलं नाही, म्हणून या चित्रांना काम आहे. त्यासाठी आधी दिवा निवडावा, जनावर नंतर.