पुतणीचा अभ्यास आणि आमची वर्गणी

आम्ही तीन भाऊ, दोन बहिणी. धाकट्या भावाची मुलगी समाजशास्त्रात एम.ए. झाली, नेट पास झाली आणि पीएच.डी. करायची म्हणाली. जेआरएफ थोडक्यात हुकली होती, पण आम्हाला चिंता नव्हती. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ पासून मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. सुरुवातीची दोन वर्षे दरमहा ३१ हजार रुपये मिळत. मात्र डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले, की २०२२-२३ पासून ही फेलोशिप बंद. इतर योजनांचा लाभ अल्पसंख्याकांनाही मिळतोच. ज्यांना आधी मिळाली होती, त्यांची चालू राहिली. आमच्या मुलीचा अर्ज भरायचाच राहिला.

मग आम्ही जमातीकडे गेलो. मस्जिदीच्या रंगकामाची वर्गणी त्याच बैठकीत चटकन जमली. पोरीच्या शिक्षणालाही कोणी नाही म्हणाले नाही. विषय ऐकल्यावर मात्र सगळे गप्प झाले. विषय होता, बागवान, अत्तार, मुलाणी, पिंजारी यांच्यातल्या सोयरिकी. दीनमध्ये सगळे बरोबरीचे, हे आपण खुतब्यात ऐकतो, मग स्थळ आले की "कोणापैकी?" हे आधी का विचारतो?

एक बुजुर्ग म्हणाले, "बेटी, दुसरा विषय घे. बाहेरचे लोक आधीच आपल्याला नावे ठेवतात."

त्यांची भीती खोटी नव्हती. आम्हीही गप्प राहिलो, पण आमच्या गप्प राहण्याचे कारण वेगळे होते. आमच्या मधल्या बहिणीला पूर्वी एक चांगले स्थळ आले होते. मुलगा शिक्षक, नमाजी. "ते पिंजारी आहेत" एवढ्याच कारणावरून अब्बांनी ते परत पाठवले. आम्ही भाऊ तेव्हा मोठे होतो, तरी एक शब्द बोललो नाही. बहिणीचे लग्न पुढे बऱ्याच उशिरा झाले.

त्या रात्री घरी सर्वांत आधी तीच बोलली. पर्समधून पैसे काढून पुतणीच्या हातात ठेवले. "लिही बेटा. फुफीचेही लिही."

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. तो आजही वाचला जातो. एका संस्थानाच्या तिजोरीतली रक्कम केवढी, आणि तिच्यातून समाजाला मिळाले केवढे!

आमची ऐपत तेवढी नाही. पाच भावंडे दरमहा तीन-तीन हजार काढतो, म्हणजे पंधरा हजार. फेलोशिपच्या निम्मेही नाहीत. पुतणी सकाळी शिकवण्या घेते, दुपारनंतर घरोघरी जाऊन बायकांशी बोलते. आम्ही अट एकच घातली. प्रबंध विद्यापीठात कोणत्याही भाषेत दे, पण त्यातले सार मराठीत लिहून मोहल्ल्यात वाचून दाखव. निष्कर्ष काय निघावा, याची अट घातली नाही. ती घातली असती तर तो अभ्यास राहिला नसता.

मृत्यूनंतरही ज्या तीन गोष्टींचा सवाब माणसाला पोहोचत राहतो, त्यांत लोकांच्या उपयोगी पडणारे इल्म आहे, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. ते इल्म कधी आपल्यालाच प्रश्न विचारते. अशा वेळी सरकारचा हात आखडला, तर आपला तरी मोकळा असावा.

गेल्या महिन्यात त्या बुजुर्गांनी पुतणीला घरी बोलावले. म्हणाले, "माझ्या मुलीच्या वेळचे सांगतो. नाव मात्र लिहू नकोस."

तिने वही उघडली.