राखणदाराची राखण

आमच्या डिचोली तालुक्यातल्या गावात वेशीवर राखणदाराची जागा आहे. देऊळ नाही, मूर्ती नाही. एक जुने झाड आणि त्याच्या मुळाशी दगड. वर्षातून एकदा त्याला रोट द्यायचा आणि रात्री त्या वाटेने जाताना हात जोडायचे, एवढाच रिवाज. काठी आणि घोंगडी घेऊन तो रात्रभर गावात फिरतो अशी श्रद्धा. लहानपणी मी आईला विचारले होते, "तो आपली राखण करतो ना, मग आपण त्याला भितो कशाला?" आई म्हणाली, "अरे, सगळ्यांच्या घरांच्या वाटा त्याला ठाऊक. त्याला भिऊनच असावे."

आईचे हे बोलणे मला २०११ च्या चवथीत आठवले, आणि तेही संगणकासमोर.

मी कला शाखेचा पदवीधर, पणजीत सरकारी कारकून. संगणक शिकलो तो कचेरीत, गरजेपुरता. मग कर्ज काढून घरीही एक घेतला, त्याला कारण आईची गाणी. पौषात आमच्याकडे मांडावर धालो होतात. आईला त्यांची कितीतरी गीते पाठ होती. संध्याकाळी ती सांगायची, मी वहीत घ्यायचो आणि रविवारी टंकित करायचो. अशी ३१ गीते झाली. वह्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ल्या, पण मला त्याचे काही वाटले नाही. संगणकात होती ना! युनिकोड तेव्हा आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते. मराठी टंकलेखनाची जी सीडी मिळाली ती घातली. तिच्यात केलेली फाइल तिच्यातच उघडायची.

२०१० साली आई गेली. पुढच्या चवथीला भाचा आला. संगणक पाहून म्हणाला, "मामा, ह्यात अँटीव्हायरस नाही? कसला धीर तुमचा!" त्याने पेनड्राइव्हवरून तो घातला. तासभर तपासणी चालली आणि लाल अक्षरांत यादी आली. त्याने विचारले, "मामा, सगळे साफ करू?" मी म्हटले, "कर." अडकवून ठेवलेल्या फायलींचा कप्पाही त्याने मोठ्या हौसेने रिकामा केला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर मराठी टंकलेखन गायब.

कारण मला पुढे कचेरीतल्या एका जाणत्या मुलाने समजावले. मराठी टंकनाचा प्रोग्राम आपण दाबलेली प्रत्येक कळ मध्येच पकडतो आणि तिच्या जागी मराठी अक्षर ठेवतो. पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही कळ मध्येच पकडतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात. राखणदाराने घरच्याच माणसाला चोर समजून हाकलले होते. सीडीला बुरशी लागली होती, विकणाऱ्याचे दुकान बंद झाले होते. बारा गीतांचे छापील कागद कपाटात मिळाले, सात ताईला आठवली. उरलेल्या बारा गीतांच्या फायली आजही माझ्याकडे आहेत. उघडल्या की नुसत्या चौकटी दिसतात.

माझे दुःख घरगुती. पण ही चूक मोठमोठ्या राखणदारांकडूनही होते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली 'एसव्हीसीहोस्ट' ही अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवली, आणि जगभर संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत बसले. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार तर अनेकांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रणालीला एक नवी फाइल पाठवली गेली. तिच्या नमुन्यात रकाने एकवीस, आणि प्रोग्राम माहिती पुरवत होता वीसांचीच. एकविसावा रकाना वाचायला गेला आणि कोसळला. आम्हा कारकुनांना असली चूक नवी नाही. पण आमच्या चुकीने एक फाइल अडते, इथे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. विमाने रखडली. हैदराबादला प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून दिले.

एवढा हाहाकार का झाला? कारण ही प्रणाली संगणकाच्या अगदी गाभाऱ्यात बसते. चोर आत शिरण्याआधी तिला तिथे असावे लागते, प्रत्येक फाइल आपल्याआधी उघडून पाहावी लागते. तो अधिकार दिला नाही तर राखण होत नाही, आणि दिला तर तिचा पाय घसरल्यावर सगळे घरच बसते.

ही झाली चूक. पण नियत? अव्हास्ट ह्या प्रसिद्ध अँटीव्हायरस कंपनीबद्दल २०२० साली उघड झाले, की ग्राहक इंटरनेटवर कुठे कुठे जातात ह्याची माहिती तिची जंपशॉट ही उपकंपनी विकत होती. आमचे साधन तुमचा माग काढणाऱ्यांना अडवते, असे सांगून माल खपवला होता! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ साली कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यास बंदी घातली. कुंपणच शेत खाते, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही.

मग राखणदार नकोच का? रागाच्या भरात मी तेही करून पाहिले. अँटीव्हायरस काढून टाकला. चार महिन्यांत कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून असा व्हायरस आला, की सगळे फोल्डर दिसेनासे होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट उरले. मुकाट्याने पुन्हा बसवला. आता नव्या संगणकात विंडोजसोबतच येतो तो ठेवला आहे.

आमच्या देवस्थानच्या फंडपेटीला दोन कुलुपे आहेत. एक चावी खजिनदाराकडे, दुसरी मुखत्याराकडे. पेटी उघडताना महाजन समोर बसलेले असतात. ह्यात खजिनदाराला कधी अपमान वाटलेला मी पाहिला नाही. चांगल्या माणसालाही एकट्याने सगळे सांभाळायला लावू नये, एवढेच त्यामागचे शहाणपण.

मीही तेच करतो. लाल यादी आली की 'सगळे साफ' दाबत नाही. एकेक नाव वाचतो, कळले नाही तर विचारतो. वाचलेली एकोणीस गीते आता युनिकोडमध्ये आहेत, एक प्रत ताईच्या घरी आणि एक कागदावर. राखणदाराला रोट द्यावा, हात जोडावेत. पण घरातली एकुलती एक वस्तू त्याच्या भरवशावर टाकून झोपू नये. आईला हे ठाऊक होते. मला कळायला बारा गीते जावी लागली.