परक्या घरचे पडदे

सोमवारची सकाळ. ब्रिटनमधल्या एखाद्या मध्यम गावाचा मुख्य रस्ता. दुकानाचं कुलूप निघायच्या आधीच दारात चार-सहा भरगच्च पिशव्या येऊन पडलेल्या असतात. शनिवार-रविवारी कुणीतरी माळा आवरलेला असतो, कुणाची आजी गेलेली असते, कुणी मोठं घर विकून लहान घरात निघालेलं असतं. पिशव्या आत जातात, पिकल्या केसांच्या दोन-तीन स्वयंसेविका त्या मागच्या खोलीतल्या टेबलावर उपड्या करतात आणि निवडानिवड सुरू होते. थोड्या वेळानं दुकान उघडतं. काही बायका मात्र ब्लाउज-स्कर्टच्या रांगांकडे ढुंकूनही न बघता थेट मागचा कोपरा गाठतात. तिथे चादरी, अभ्रे, टेबलक्लॉथ आणि पडदे घड्या करून ठेवलेले असतात. या बायकांना कपडे नको असतात. त्यांना हवं असतं कापड. तेही जुनं!

या दुकानांना तिकडे ‘चॅरिटी शॉप’ म्हणतात. आपल्याकडे जुने कपडे दारावर येणाऱ्या बोहारणीला जातात. अर्धा तास हुज्जत घालून स्टीलचा एखादा डबा पदरात पडतो. ब्रिटनमध्ये ते सेवाभावी संस्थेला फुकट दिले जातात. संस्था ते विकते आणि आलेला पैसा दुष्काळग्रस्तांसाठी, कर्करोगावरच्या संशोधनासाठी किंवा बेवारशी कुत्र्या-मांजरांसाठी खर्च होतो. देशभरात अशी दहा हजारांहून जास्त दुकानं आहेत. एकाच रस्त्यावर ओळीनं पाच-सहा दुकानं असलेली गावंही पुष्कळ. मात्र तुळशीबागेत तयार झालेल्या गृहिणीनं इथे जरा जपून राहावं. घासाघीस केली तर पैसे गरजूंच्या ताटातून काढून घेतल्यासारखं समजतात. कुणी काही बोलत नाही, पण काउंटरवरच्या आजीबाईंच्या भुवया वर जातात!

ऑक्सफर्डला जाणारा प्रवासी तिथली जुनी कॉलेजं बघून येतो. त्यानं ब्रॉड स्ट्रीटवरच्या १७ नंबरच्या दुकानातही डोकवावं. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, ग्रीसमधल्या उपाशी लोकांना अन्न पोचावं म्हणून ऑक्सफर्डच्या काही मंडळींनी एक समिती स्थापन केली. तिच्या लांबलचक नावाचं पुढे ‘ऑक्सफॅम’ झालं. या समितीनं १९४७ च्या डिसेंबरात इथे आपलं पहिलं कायमचं दुकान थाटलं. १९४९ मध्ये जो मिटी हे तिचे पहिले पगारी कर्मचारी म्हणून आले आणि त्यांनी या दुकानाचा जम बसवला. दुकान अजून तिथेच आहे. भिंतीवर निळी स्मृतिपाटीही आहे.

हे दुकान उघडलं तेव्हा ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन होतं, हे आज सांगूनही खरं वाटत नाही. १ जून १९४१ रोजी सुरू झालेलं हे रेशन १९४९ च्या मार्चमध्ये संपलं. पहिल्या वर्षी प्रौढ माणसाला वर्षभराच्या कपड्यांसाठी ६६ कूपनं मिळत. त्या पिढीतल्या बाईनं कापडाचा तुकडा कधी टाकला नाही. जुन्या पडद्यांचे झगे झाले, झग्यांचे फ्रॉक झाले, उरलं ते ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलं गेलं. आज त्या ट्रंका नातवंडं रिकाम्या करताहेत. एखाद्या जुन्या झग्याच्या मानेशी ‘सीसी ४१’ असा छाप सापडला, की जाणकार बाईचा श्वास क्षणभर थांबतो. त्यातले दोन ‘सी’ एकेक फोड कापून घेतलेल्या गोल चीजसारखे दिसतात. १९४१ ते १९५२ या काळात सरकारी नियमानं बनलेल्या काटकसरीच्या मालाची ती खूण.

शोधणारीचं खरं घबाड मात्र पडद्यात असतं. झगा कापलेला, बेतलेला. त्यातून निघून निघून किती कापड निघणार? पडदा म्हणजे सलग वार. शिवाय तो वाचता येतो. अस्तराची शिवण बाजूला केली की कापडाची मूळ किनार दिसते. १९५० नंतरच्या चांगल्या छापील कापडांच्या किनारीवर कित्येकदा कंपनीचं, नक्षीचं आणि ती काढणाऱ्या कलावंताचंही नाव छापलेलं असतं. मग खालची रुंद दुमड उलगडून बघायची. उन्हानं वरचा रंग उडालेला असतो, पण दुमडीच्या आत तो जसाच्या तसा राहिलेला असतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी त्या घराच्या खिडकीत जो लाल होता, तो तिथे तळहाताएवढ्या पट्टीत भेटतो. कापड सुती की नकली, याची परीक्षा घरी जाऊन. एक धागा चिमट्यात धरून पेटवला, की सुताला जळत्या कागदाचा वास येतो, लोकरीला जळत्या केसांचा, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. दुकानात हा प्रयोग केला तर भुवयांवरच निभावणार नाही!

सगळ्यांच्या स्वप्नात असतं ते लुसिएन डे हिचं ‘कॅलिक्स’. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या प्रदर्शनासाठी तिनं ही नक्षी काढली आणि लंडनच्या हील्स या फर्मनं ती छापली. कॅलिक्स म्हणजे फुलाचा निदलपुंज. बारीक देठांवर तोललेले पेल्यासारखे आकार, पिवळे, नारिंगी, काळे. युद्धानं करड्या झालेल्या घरांत हे रंग एकदम शिरले. आज ते कापड संग्रहालयात आहे. ते पाच पौंडांच्या टोपलीत सापडण्याची शक्यता फार थोडी, कारण हल्ली दुकानंही हुशार झाली आहेत. नाव दिसलं की माल बाजूला काढतात, किंमत तपासतात, इंटरनेटवर विकतात. जुन्या शोधकऱ्यांची त्यावर नाराजी असते. पण ज्या कामासाठी दुकान चालतं त्याला जास्त पैसा मिळत असेल तर तक्रार करणार तरी कशी? आणि नाव नसलेलं सुंदर कापड अजूनही ढिगात राहतंच.

भारतीय बाई या ढिगाशी उभी राहिली की तिला आणखी एक गंमत कळते. फुलावेलींच्या ज्या छापील कापडाला इंग्रज मोठ्या प्रेमानं ‘चिंट्झ’ म्हणतो, ते म्हणजे आपलं चीट! आपल्या पणज्यांच्या चिटाच्या परकराचं ते सख्खं भावंड. भारतातून येणाऱ्या या कापडानं सतराव्या शतकात इंग्लंडला असं वेड लावलं, की तिथल्या विणकरांनी आरडाओरडा केला. १७०० च्या कायद्यानं त्याच्या आयातीवर बंदी आली, १७२१ च्या कायद्यानं छापील सुती कापड वापरण्यावरच. १७७४ मध्ये बंदी उठली, तेव्हा देशी सुती कापड ओळखू यावं म्हणून किनारीत तीन निळे धागे विणण्याची अट घातली गेली. तीच कथा कोयरीची. काश्मिरी शालींची नक्कल स्कॉटलंडच्या पेझली गावानं एकोणिसाव्या शतकात इतकी केली, की कोयरीलाच त्या गावाचं नाव चिकटलं. चॅरिटी शॉपमधल्या रुमालावर ती दिसते तेव्हा पैठणचा नाही तरी काश्मीरचा पत्ता त्यावर असतोच.

कधी कधी हातात असं काही येतं की किंमत विचारायचं भान राहत नाही. तिकडे गोधडी करण्याची एक पद्धत आहे. कागदाचे षटकोन कापायचे, त्यांवर चिंध्या दुमडून टाचायच्या आणि मग त्या कडेकडेनं जोडायच्या. काम पुरं झालं की कागद काढून टाकायचे. पण सगळ्याच गोधड्या पुऱ्या होत नाहीत. अर्धवट राहिलेली एखादी पिशवीतून येते तेव्हा तिच्या पाठीला कागद तसेच असतात. कुठे पत्राच्या दोन ओळी, कुठे वाण्याचा हिशेब, कुठे पोराच्या वहीतलं गणित. एका बाजूला साऱ्या घरादाराचे झगे आणि सदरे, दुसऱ्या बाजूला त्या घराचं बोलणं. दोन्ही एकाच टाक्यात शिवलेलं. अशा वेळी पुढचा षटकोन शिवावा की कागद वाचत बसावं, हा प्रश्न घेणारीला घरी पोचल्यावरही सुटत नाही.

ही गोधडी किंवा तो पडदा वेळेत कुणी उचलला नाही तर? काही आठवडे फळीवर राहिलेला माल खाली उतरतो आणि चिंध्यांच्या पोत्यात जातो. पोतं वजनावर विकलं जातं. आपल्याकडेही जुन्या जरीच्या साड्या घेणारा फेरीवाला साडीची वीण बघत नाही, जरीतली चांदी बघतो. साडी जाळली की झालं! चॅरिटी शॉपच्या कोपऱ्यातली ती लगबग म्हणूनच निव्वळ हौस नसते. फळी आणि पोतं यांच्यामध्ये उभं राहणारं तिथे दुसरं कुणी नसतं.

पोत्यात गेलेल्या सुती चिंध्या कापून यंत्रं पुसायला वापरतात. लोकरीची वाट वेगळी. यॉर्कशायरमधल्या बॅटली गावात १८१३ मध्ये बेंजामिन लॉ यानं जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांचं नवं सूत काढण्याची युक्ती शोधली. त्या कापडाला ‘शॉडी’ म्हणतात. तिथल्या गिरण्या कधीच्या थंडावल्या आणि तो धंदा हरियाणात पानिपतला गेला. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं. जगातल्या चिंधी व्यापाऱ्याला आठवतात ती तिथली गोदामं. पुन्हा अंगात घालता येऊ नयेत म्हणून परदेशी कपडे मुद्दाम फाडून आणावे लागतात. इथल्या बायका त्यांची बटणं आणि साखळ्या कापून काढतात, रंगवार ढीग लावतात आणि त्यातून स्वस्त ब्लँकेटं होतात.

या बायकांवर मेघना गुप्ता यांनी २०१२ मध्ये ‘अनरॅव्हल’ नावाचा छोटा माहितीपट केला. ढिगाशी बसून त्याही तर्क लढवतात. हे घालणारी बाई कशी असेल? इतकं चांगलं कापड तिनं टाकलं का असेल? त्यांनी आपापसात एक उत्तरही काढलं आहे. तिकडे पाणी फार महाग असणार. कपडे धुण्यापेक्षा टाकून देणंच त्यांना परवडत असणार.