बांधापलीकडचे सावज

देवळाली कॅम्पाच्या आसपासचा मुलूख ज्याने पायी हिंडून पाहिला आहे, त्यास या भागात हद्दी किती आहेत हे सांगावयास नको. छावणीची हद्द निराळी, तोफखान्याच्या चांदमारीची निराळी, रेल्वेची निराळी. आणि या सर्वांना खेटून दारणेच्या काठापर्यंत पसरलेली शेतकऱ्यांची वावरे व त्यांचे बांध ते आणखी निराळे. सरकारी हद्दीला दगड असतात, तारा असतात, पाट्या असतात. शेतकऱ्याच्या बांधाला एखादी बाभूळ आणि थोडे गवत यांपलीकडे काही नसते. तरीही हातभर बांध कोरला म्हणून सख्ख्या भावांनी जन्मभर एकमेकांचे तोंड पाहिले नाही, अशी उदाहरणे आपल्याकडे गावोगाव सापडतील. या बांधाची ज्यांस मुळीच दिक्कत नाही अशी रानातली जनावरे तेवढी. ससा एकाच्या हरभऱ्यात चरतो आणि दुसऱ्याच्या उसात निजतो. त्याचे नाव कोणाच्याच सातबाऱ्यावर नसते.

परंतु त्याच सशाला गोळी लागली आणि तो बांध ओलांडून गेला, म्हणजे प्रश्न उभा राहतो. सावज कोणाचे, हा प्रश्न लोक प्रथम विचारतात. आम्हांस तो दुय्यम वाटतो. त्या जखमी जिवाचे पुढे काय करावयाचे आणि ते करण्यास कोणी बांध ओलांडावा, हा त्याहून अवघड प्रश्न आहे, आणि शिकारीचे दिवस संपले तरी तो संपलेला नाही.

आमच्या घरी या बाबतीत एक हकीकत सांगितली जात असे. आमच्या आजोबांकडे परवान्याची दुनळी बंदूक होती आणि तिच्यासंबंधी त्यांचा एक कडक नियम होता. दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवण्यापूर्वी नळ्या मोडून काडतुसे काढावयाची, आणि शेतात कोणी असेल तर हाक मारून विचारावयाचे. कोणी नसेल तर परत फिरावयाचे. 1958 च्या हिवाळ्यात छावणीतील एक पाहुणे त्यांच्याबरोबर लहवितच्या बाजूस गेले होते. पाहुण्यांचा बार सशाच्या कमरेत बसला. मागचे पाय निकामी झालेला ससा फरफटत शेजाऱ्याच्या उसाच्या तोंडाशी गेला. शेजारी माळकरी, पंढरीची वारी कधी न चुकवणारे. ते मोटेवरून धावत आले. पाहुणे बांधावरूनच म्हणाले, "तो ससा माझा आहे." त्यावर बुवा पाहुण्यांकडे न पाहता आजोबांस म्हणाले, "नाना, तुमच्या रानात व्हता तवर तुमचा. आता तो माझ्या आसऱ्याला आलाय. माझ्या वावरात जीव घेऊ देणार नाही."

आजोबांनी बंदूक बांधाअलीकडे ठेवली आणि मोकळ्या हातांनी पुढे होऊन सांगितले, "बुवा, ससा आम्हांला नको. त्याचे पाय गेलेत. त्याचे हाल तेवढे संपवू द्या." बुवांनी मान हलवली. त्यांनी ओंजळीने पाणी आणून सशासमोर धरले आणि त्याच्यावर उसाचे पाचट घातले. जखमी ससा ओरडतो तो तान्ह्या मुलासारखा, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांस ठाऊक असेल. तो पहाटेपर्यंत जगला. बुवा रात्रभर जवळ बसून होते. आजोबांचे आणि त्यांचे पुढेही कधी वाकडे आले नाही. मात्र त्या पाहुण्यांस आजोबांनी पुन्हा बरोबर नेले नाही.

ही हकीकत ऐकणारांत नेहमी दोन पक्ष पडत. बुवांचे खरे, असे म्हणणारे बहुधा जास्त असत, कारण दयेचा पक्ष घेणे शोभून दिसते. आम्हांस तो निकाल पुरेसा वाटत नाही. जमीन बुवांची होती, त्यांची अहिंसाही खरी होती. पण सशाची वेदना त्यांच्या मालकीची नव्हती. आश्रय द्यावयाचा तर तो जगू शकणाऱ्यास. ज्याची कंबर मोडली आहे त्यास पाचटाखाली ठेवून रात्र काढावयास लावणे यात सशाची सोय कमी आणि पाहणाराच्या मनाची सोय जास्त, असे आम्ही म्हटल्यास तो बुवांचा उपमर्द समजू नये. ते स्वतः तर रात्रभर बसले होते. पण याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. बुवांच्या कानावर आधी पडला तो "माझा" हा शब्द. त्यानंतर आजोबांनी दयेची भाषा कितीही प्रामाणिकपणे केली, तरी ती मांसासाठी काढलेली पळवाट वाटणे अपरिहार्य होते. सावजावरचा हक्क आधी सोडला असता, तर कदाचित बुवांनी वाट दिली असती.

आपल्या जुन्या वाङ्मयात शिकारीच्या हद्दीचा विचार पुष्कळ आला आहे. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंत हरणामागे धावत आश्रमाशी येतो, तापस हात वर करून सांगतात की हे आश्रमाचे हरिण आहे, आणि राजा बाण उतरवतो. प्रसंग सुंदर खरा, परंतु कालिदासाने राजाचे काम फार सोपे करून ठेवले आहे: बाण अजून सुटलेलाच नाही. तो हरणाच्या कुशीत अर्धा रुतला असता आणि मग हरिण आश्रमात शिरले असते, तर तापसांनी काय सांगितले असते? वनपर्वात अर्जुन आणि किरातवेषधारी शंकर यांचे बाण एकाच डुकरावर पडतात आणि मृगयेचा धर्म कोणी मोडला यावरून दोघे हातघाईवर येतात. भारवीने तर भांडण बाणावर आणून ठेवले आहे. डुकराच्या अंगातला बाण परत घेण्यास अर्जुन जातो आणि किराताचा दूत तो आपल्या स्वामीचा म्हणून मागतो. पण तेथे डुक्कर मेलेले आहे. वाद फक्त मालकीचा.

अवघड प्रसंग रामायणात आहे. दशरथाने अंधारात आवाजावर बाण सोडला आणि तो मुनिकुमारास लागला, ज्यास आपण श्रावणबाळ म्हणतो. तो दशरथास बाण उपटावयास सांगतो. न उपटावा तर त्याच्या यातना पाहवत नाहीत, उपटावा तर प्राण जातो. आणि दशरथ अखेर तो उपटतो. शिकारीच्या नीतीचा इतका नेमका क्षण आम्हांस दुसरीकडे कोठे आढळला नाही. नेम चुकल्याचे पाप दशरथाच्या माथी आहेच, पण त्याने पाठ फिरवली नाही.

कायदेपंडितांनी मात्र मालकीच्याच प्रश्नात रस घेतला. जस्टिनियनच्या 533 सालच्या संहितेत असा निर्णय आहे की, जनावर केवळ जखमी केल्याने आपले होत नाही, हाती लागेल तेव्हाच होते. इंग्लंडात 1697 साली न्यायमूर्ती होल्ट यांनी सशाचेच उदाहरण घेतले: एकाच्या जमिनीत उठवलेला ससा दुसऱ्याच्या जमिनीत पाठलाग करून मारला तर तो शिकाऱ्याचा, परंतु दोन्ही जमिनींत बेकायदा शिरल्याबद्दल भरपाई त्यानेच द्यावयाची. ससा मिळेल आणि दंडही मिळेल, असा हा मोठा इंग्रजी न्याय! जर्मनांनी थोडा अधिक विचार केला. त्यांच्या शिकारीच्या कायद्यात जखमी जनावरास व्यर्थ यातना होऊ नयेत म्हणून त्यास विनाविलंब मारावे असे बंधन आहे, आणि ते शेजारच्या क्षेत्रात गेल्यास कसे वागावे याचा करार शेजाऱ्यांनी आधीच करून ठेवावयाचा असतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया संस्थानात हरवलेल्या शिकारी कुत्र्यास वा ससाण्यास परत आणण्यासाठी परक्या जमिनीत जाता येते. बंदूक वा धनुष्य नेता येत नाही, आणि मालकाने विचारल्यास आपले नाव सांगावे लागते. हा नियम वाचताना आम्हांस आजोबांची मोडलेली दुनळी आठवली.

आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवाने अजिबात बंद झाले. ते योग्यच झाले. आता स्वसंरक्षणार्थ मारलेले किंवा नुसते जखमी केलेले जनावरदेखील सरकारी मालमत्ता ठरते. म्हणजे तो ससा आज आजोबांचाही नाही आणि बुवांचाही नाही. मालकीचा वाद मिटला. जखमेचा मिटला नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरास वनखात्याच्या परवानगीने मारता येते, आणि ज्याच्या भुईमुगात डुक्कर लोळले त्याच्याच वावरात ते मरून पडेल असा काही नियम नाही. बार अर्धवट बसला तर ते शेजाऱ्याच्या फडात शिरते, आणि दुसऱ्या दिवशी पाचट काढावयास आत जाते ती शेजाऱ्याची सून.

ही भीती पोकळ नव्हे. जिम कॉर्बेट यांनी 1907 साली चंपावतची जी नरभक्षक वाघीण मारली, तिचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले होते, आणि त्यामुळेच तिला नेहमीचे भक्ष्य मारता येत नव्हते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ती नेपाळातून कुमाऊंत आली होती. कोणा अज्ञात शिकाऱ्याने अर्धवट सोडलेले काम दोन राज्यांतील चारशेंहून अधिक माणसांच्या जिवावर बेतले. आपल्या भागात अजून तसे काही झाले नसले, तरी 2020 साली दारणेच्या काठच्या गावांत बिबट्यांनी माणसे मारली आणि शेतोशेती पिंजरे लागले, हे वाचक विसरले नसतील. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशात बिबट्याचा पाय अडकतो, फास तुटतो, आणि तो तार पायात घेऊन लंगडत पुढच्या शिवारात जातो. फास लावणारा मुकाट्याने घरी बसतो. कारण कबूल करावे तर गुन्हा. आमच्या मते शिकारीतली सर्वांत नीच गोष्ट हीच.

अशा जनावरास वनखात्याची माणसे भुलीची सुई मारतात. औषध अंगात भिनण्यास काही मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात बिबट्या दोन-तीन बांध सहज ओलांडतो. त्याच्यामागून खात्याची माणसे जातात, त्यांच्यामागून हातात मोबाईल धरलेली गर्दी जाते, आणि उभा गहू आडवा होतो. गर्दीस कोणी बोलावलेले नसते. उसाचा मालक फडाच्या तोंडाशी उभा असतो. एखादा वनरक्षक थांबून त्यास विचारतो, "दादा, आत जाऊ का?" तेव्हा तो माणूस बहुधा स्वतःच वाट दाखवतो: कोणत्या सरीने शिरावे, पाट कोठे आहे, आणि ऊस कोठे विरळ आहे.