ऐंशी ग्रॅमचा स्टँड, नव्वद ग्रॅमचा रेझर

दाढीचा ब्रश आणि रेझर टांगायचा लाकडी स्टँड म्हणजे तीन तुकडे: तळ, खांब आणि वर आडवी पट्टी. पट्टीला दोन खाचा. एकीत ब्रश केस खाली करून लटकतो, दुसरीत रेझर. करवत, रंधा, पटाशी घरात होतीच, शिवाय घरी कपाटं करायला आलेल्या सुतारांच्या डोक्यावर उभं राहून त्यांचं काम पाहण्याचा माझा अनुभव दांडगा. त्यामुळे ‘एका रविवारचं काम आहे’ असं मी बायकोला छातीठोकपणे सांगून टाकलं. हे वाक्य तिने पुढे मला बरेच रविवार ऐकवलं. स्टँड झाला, आज रोजच्या वापरात आहे. पण तो करताना जे जे चुकलं, त्या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती. स्टँड दिसेल कसा याचा मी पुष्कळ विचार केला. तो कुठे राहणार आणि त्याला रोज काय सोसावं लागणार, याचा केलाच नाही.

लाकूड जुन्या सागाचं घ्यायचं ठरवलं होतं. पुण्यात जुने वाडे पाडले की त्यांची दारं-खिडक्या विकायला येतात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून एका चौकटीचा तुकडा आणला. जुना साग वर्षानुवर्षं वाळलेला असतो, नव्या लाकडासारखा नंतर पिळत नाही, ही माझी समजूत बरोबर होती. रंगाच्या थराखाली डोकं तुटलेला खिळा असू शकतो, हे मात्र रंध्याच्या पात्याने दाखवून दिलं. पात्याच्या धारेला तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडली आणि ती घासून काढण्यात संध्याकाळ गेली. आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या सुतारमामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “साहेब, जुन्या लाकडावर आधी चुंबक फिरवायचं, मग रंधा.” चुंबक घरात होतं. फ्रिजच्या दारावर.

मग मापं. रेझरने त्रास दिला नाही. किंग जिलेटला ज्या दुधारी पात्याच्या रेझरचं पेटंट 1904 साली मिळालं, त्याच घराण्यातलं पातं आपण आजही वापरतो: साधारण 43 मिलिमीटर लांब, 22 रुंद. पात्याचं माप ठरलेलं, म्हणून रेझरच्या डोक्याचं मापही फारसं बदलत नाही. दांडी सैल जाईल आणि डोकं अडकेल एवढी, म्हणजे चार सुतांची खाच केली की काम झालं. ब्रशला असं कुठलंच बंधन नाही. प्रत्येकाची मूठ वेगळी, केसांच्या जुडग्याची जाडी वेगळी. मी मुठीचं माप घेतलं ते तिच्या फुगीर भागाचं. ब्रश लटकतो तो मात्र केस जिथे मुठीत शिरतात, त्या काठावर. पहिल्या खाचेतून तो सरळ खाली घसरला.

पट्टी पुन्हा केली आणि या वेळी मोठी चूक केली. रेझर समोरून सरकवायला सोपा जाईल म्हणून दोन्ही खाचा पट्टीच्या पुढच्या कडेने आत कापल्या. भोक पाडलं, त्याच्यापर्यंत करवतीचे दोन काप घेतले, कानस मारली. दिसायला झकास. लाकडाच्या रेषा पट्टीच्या लांबीच्या दिशेने धावत होत्या, पण खाचेबाहेर टोकाशी उरलेलं लाकडाचं बोट होतं त्या रेषांना आडवं. म्हणजे त्या बोटात मुळापासून टोकापर्यंत जाणारी एकही रेषा नव्हती. जवळजवळ बोटभर जाडीचं सागवान, पण रेझर अडकवताना जरा धक्का लागला आणि कट्‌कन आवाज होऊन ते हातात आलं. मी ते डिंकाने चिकटवलं. डिंकाचा जोड टिकला, त्याच्या शेजारून लाकूड पुन्हा तुटलं.

सुतारमामांनी तुटका तुकडा उजेडात धरला आणि त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. “जोर कुठं पडणार ते आधी बघायचं, रेषा त्या अंगानं घ्यायची. तुम्ही आडवी घेतलीत. खाच टोकाकडून उघडा, बोटं लांबीत येतील.” तसं केलं. उजव्या टोकाची खाच उजवीकडे उघडी, डाव्या टोकाची डावीकडे. ती पट्टी अजून शाबूत आहे.

आता स्टँड उभा राहिला. ब्रश एका बाजूला, रेझर दुसऱ्या बाजूला, काटा अगदी मध्यावर. मी सगळ्यांना बोलावून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करायला ब्रश उचलला आणि स्टँड रेझरच्या बाजूला कलंडून बेसिनमध्ये पडला. दोन्ही वस्तू टांगलेल्या असताना तोल राहतो, पण एक उचलल्याशिवाय दाढी कशी करणार, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक ठेवून पाहिलं. स्टँडचं सगळं लाकूड मिळून ऐंशी ग्रॅम, आणि पितळी दांडीचा रेझर एकटा नव्वद. नाजूक दिसावा म्हणून मी तळ पावणेतीन इंचांचा घेतला होता आणि रेझर खांबापासून तेवढ्याच अंतरावर लटकत होता. म्हणजे तळाच्या कडेच्या बाहेर जवळपास दीड इंच, तोही अख्ख्या स्टँडपेक्षा जड. दुसरं काय होणार होतं? नवा तळ पाच इंचांचा आणि जाड घेतला. स्टँडचं नाजूकपण गेलं, पडणं थांबलं.

पण पडणं थांबवणाऱ्या या रुंद तळानेच पुढचं दुखणं आणलं. ब्रशचं पाणी आधी बेसिनच्या काठावर ठिबकायचं, ते आता तळावर ठिबकू लागलं. खांब तळाला खालून लोखंडी स्क्रूने पक्का केला होता. तळाखाली पाणी मुरलं आणि स्क्रूभोवती शाईच्या डागासारखं काळं वर्तुळ उमटलं. लाकडातलं टॅनिन आणि ओलं लोखंड एकत्र आली की हा डाग पडतोच, आणि तो पॉलिश पेपरने घासून जात नाही, खोल गेलेला असतो. लोखंडी काढून पितळी स्क्रू घातला, तर पिळताना त्याचं डोकंच तुटलं. पितळ मऊ. आधी त्याच मापाच्या लोखंडी स्क्रूने भोकात आटे पाडून घ्यायचे, तो काढून टाकायचा आणि मग पितळी स्क्रूला थोडं मेण लावून हलक्या हाताने फिरवायचा. हे मला अर्धा स्क्रू लाकडात अडकल्यावर समजलं.

पॉलिशची गोष्ट मला सर्वांत जास्त लागली, कारण त्यातलं मला कळतं असं मी समजत होतो. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने पुटावर पूट चढवलं. आरशासारखी चकाकी आली. जुन्या सागवानी फर्निचरवर असते ती हीच. पण त्या फर्निचरवर रोज सकाळी कोणी साबणाचं पाणी सांडत नाही. लाख अल्कलीत विरघळते आणि दाढीचा साबण अल्कलीयुक्त असतो. थोड्याच दिवसांत ब्रशखालचा भाग आधी पांढुरका, मग चिकट झाला. बोट लावलं की ठसा उमटायचा. बाथरूमच्या वस्तूला मी बैठकीच्या खोलीतलं पॉलिश केलं होतं.

सगळं स्पिरिटने पुसून काढलं आणि बेलतेल घेतलं, म्हणजे लवकर वाळणारं जवसाचं तेल. इथेही हात सैल सुटला. जाड थर दिला, तो किती दिवस चिकटच राहिला. तेल भरपूर लावायचं, लाकूड पीत नाही तेवढं सगळं पंधरा-वीस मिनिटांत पुसून घ्यायचं आणि पूर्ण वाळल्यावरच दुसरा हात द्यायचा, ही त्याची रीत. पुसलेलं फडकं मी चुरगाळून गॅलरीतल्या कोपऱ्यात टाकलं. तासाभराने उचलायला गेलो तर ते गरम लागलं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. घडीत ती कोंडली की फडकं आपोआप पेटू शकतं. बाकीच्या चुकांनी माझा वेळ आणि लाकूड वाया गेलं, ही घर जाळू शकली असती. आता असं फडकं मी बाहेर तारेवर उलगडून वाळवतो किंवा पाण्यात बुडवून ठेवतो.

एवढं करून ब्रशला कुबट वास येणं काही थांबेना. ब्रश उलटा टांगला की तो वाळतो, या भरवशावर मी हा सगळा खटाटोप केला होता. लटकवल्याने फरक पडतो तो थोडा. वापरून झाल्यावर पाणी चांगलं झटकणं आणि ब्रशला वारा लागणं, खरा फरक यानेच पडतो. आमच्या बाथरूमला एक झरोका आहे, तोही पाइपांच्या बोळात उघडणारा. जुन्या घरांत दाढी ओसरीवर व्हायची, आरसा खिडकीच्या गजाला आणि सामान कोनाड्यात. तिथे ब्रश कपात उभा ठेवला तरी दुपारपर्यंत खडखडीत वाळत असणार. न्हाव्याच्या धोकटीत तर स्टँड कधी नव्हताच. शेवटी मी स्टँड उचलून गॅलरीलगतच्या खिडकीत ठेवला आणि वास गेला.

म्हणून कोणी मला स्टँड कसा करायचा विचारलं, तर मी लाकडापासून सुरुवात करत नाही. आधी ब्रश नीट झटकून आठवडाभर खिडकीत नुसता ठेवून बघा म्हणतो. तिथे तो वाळत असेल, तर स्टँडची गरज ब्रशला नाही, तुम्हाला आहे. तेही कारण पुरेसं आहे, माझंही तेच होतं. फक्त तळ मोठा घ्या.