कोल्हापूर–पुणे : ३३ मिलिमीटर

२०२०च्या एप्रिलमध्ये माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट होती. नाव 'लॉकडाऊन बॅकलॉग'. त्यात तेवीस ओळी होत्या. मशीन लर्निंगचा कोर्स, जर्मन भाषा, सूर्यनमस्कार, वाचायची राहिलेली पुस्तकं, गिटार (जी माझ्याकडे नव्हतीच). समोरच्या रकान्यात किती टक्के झालं ते. महिनाअखेरीला सगळ्यात पुढे असलेला कोर्स अकरा टक्क्यांवर होता. डाल्गोना कॉफी मात्र शंभर टक्के.

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कुणीतरी 'या वेळेचा सदुपयोग कसा कराल' असं काहीतरी पाठवायचं. मी वाचायचे, शीटमध्ये एक ओळ वाढवायचे आणि झोपायचे. नोकरी चालू होती, पगार येत होता, घर भाड्याचं पण बरं होतं. वेळही होता. मग काहीच का होत नाहीये, हे कळत नव्हतं.

मी वारज्यात राहते. गच्चीवरून बंगळुरूकडे जाणारा हायवे दिसतो. हाच रस्ता माझ्या घरी जातो, कोल्हापूरला. एरवी रात्री दोन वाजताही या रस्त्याचा आवाज थांबत नाही. त्या महिन्यात तो इतका गप्प होता की खालच्या झाडावरचे पक्षी ऐकू यायचे.

माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. याच रस्त्यावर त्यांची अर्धी नोकरी गेली. २०१७ला निवृत्त झाले. आमचं बोलणं तेव्हा जवळपास बंद होतं. जानेवारीत एक स्थळ आलं होतं. अण्णांनी मला न विचारता बघायच्या कार्यक्रमाची तारीख देऊन टाकली, आणि मी दोन दिवस आधी फोन करून येणार नाही म्हणून सांगितलं. "तुला शिकवली हीच माझी चूक झाली," असं ते म्हणाले. मीही काहीतरी बोलले, ते इथे लिहीत नाही. त्यानंतर फोनवर तीनच वाक्यं व्हायची. "जेवलीस?" "हो." "आईकडं देतो." रोज. एकदा कॉल लॉग बघितला तर सगळे कॉल अर्ध्या मिनिटाच्या आतले.

मेच्या सुरुवातीला कुठेतरी शून्य सावली दिवसाबद्दल वाचलं. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली त्या क्षणी नाहीशी होते. आपल्याकडे सूर्य मे महिन्यात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असतो, म्हणून हा दिवस आधी कोल्हापूरला येतो, मग पुण्याला. त्या वर्षी कोल्हापूरला ६ मे, पुण्याला १३ मे. आठवड्याचा फरक.

हे वाचताना शाळेतला एरॅटोस्थेनिस आठवला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तो अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. दक्षिणेला सायीनी, म्हणजे आजच्या आस्वानमध्ये, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी सूर्य थेट विहिरीच्या तळाशी दिसतो, असं त्याला कळलं होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडत होती. तिचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा भरला. म्हणजे या दोन शहरांतलं अंतर पन्नास वेळा घेतलं की झाला पृथ्वीचा परीघ. खोलीतून बाहेर न पडता करण्यासारखं काम! फक्त एक अडचण होती. दोन ठिकाणी दोन माणसं लागतात.

आईला विचारलं. ती म्हणाली, "साडेबाराला माझा कुकर असतोय. ह्यांना सांग."

अण्णांनी फोन घेतला. मी एका दमात सगळं सांगितलं, मध्ये गप्प बसायला जागाच ठेवली नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "म्हंजे हितनं तितं किती लांब हाय, ते सावलीवरनं कळतंय व्हय?"

"उलटं. अंतर माहीत असेल तर पृथ्वी केवढी आहे ते कळतं."

"अडतीस टप्पे," अण्णा लगेच म्हणाले.

एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. अडतीस टप्पे म्हणजे २२८ किलोमीटर. मी खरंतर ऑनलाइन नकाशावरून अंतर काढणार होते. पण त्या नकाशात पृथ्वीचा आकार आधीच धरलेला असतो, म्हणजे ती कॉपीच झाली असती. अण्णांचा टप्पा बरा. जुन्या काळी अंतर मोजायला पावलं मोजत चालणारी माणसं असत. माझ्याकडे कंडक्टर होता.

पण रस्ता वळत जातो. मला हवं होतं सरळ उत्तर-दक्षिण अंतर. त्यावर उपाय अण्णांनीच काढला. घरातल्या भिंतीवरच्या जुन्या नकाशावर त्यांनी रस्त्याच्या रेषेवरून दोरा फिरवला, मग तोच दोरा सरळ धरला. "रस्ता आठ बोटं भरतोय, सरळ सात." २२८चे सात अष्टमांश, सुमारे २०० किलोमीटर. प्रमाणच काढायचं असल्यामुळे नकाशा किती जुना आहे याला महत्त्व नव्हतं.

५ मेला आम्ही रंगीत तालीम केली. सोसायटीची गच्ची बंद होती. वॉचमनकाकांनी चेअरमनना विचारून अर्ध्या तासासाठी किल्ली दिली, मास्क लावायच्या अटीवर. मी एक मीटर उंचीचा पाइप उभा केला आणि लक्षात आलं की सावलीला टोकच नाही. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे. आकाशात तो अर्धा अंश रुंद असतो. त्यामुळे मीटरभर उंचीवरच्या टोकाची सावली खाली जवळपास ९ मिलिमीटर पुसट होते. मोजायचं कुठून?

संध्याकाळी अण्णांचाच फोन आला. जानेवारीनंतर पहिल्यांदा. "सावली नगं मोजूस. उजेड मोज."

त्यांनी सळईच्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा आडवा बांधला होता आणि पुठ्ठ्याला तिकिटाच्या जुन्या पंचने भोक पाडलं होतं. (तो पंच घरी कसा राहिला, हे त्यांनी सांगितलं नाही.) भोकातून फरशीवर सूर्याचं गोल, स्वच्छ बिंब पडत होतं. गोलाचा मध्य काढणं सोपं. भोकाच्या बरोबर खालचा बिंदू शोधायला शेजारच्या गवंड्याचा ओळंबा आणला होता. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून मला हे सुचलं नव्हतं. मी तसंच्या तसं केलं. पंचऐवजी खिळा, ओळंब्याऐवजी दोऱ्याला किल्ली.

६ मे. घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा वेगळे असतात. आपली वेळ ८२.५ रेखांशावरची, आणि आपण तिच्या बरेच पश्चिमेला. म्हणून सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास. फोन स्पीकरवर ठेवून आम्ही दोघं उन्हात बसलो. सव्वाबारा ते पाऊण, दर दोन मिनिटांनी खडूची खूण. एकही शब्द घरगुती नाही.

"हितं ओळंब्याखालीच आलाय," अण्णा म्हणाले. "मिलिमीटरभर इकडंतिकडं आसंल."

माझ्या गच्चीवर बिंबाचा मध्य उत्तरेला ३३ मिलिमीटर होता.

एक हजार मिलिमीटरला ३३, म्हणजे कोन १.८९ अंश. वर्तुळात असे १९० भाग. १९० गुणिले २०० किलोमीटर, बरोबर ३८,०००. दोन्ही ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा खरा परीघ जवळपास ४०,००० किलोमीटर आहे. पाच टक्क्यांची चूक. एक पाइप, एक सळई, एक पुठ्ठा आणि अडतीस टप्पे एवढ्यावर!

"पाच टक्के म्हंजे दोन टप्प्यांची चूक," अण्णा म्हणाले. "तेवढं चालतंय."

दोन दिवस मी हवेत होते. ८ मेला सकाळी बातमी आली. औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून निघाले होते. भुसावळला पोचून मध्य प्रदेशात घरी जायला गाडी मिळेल, या आशेवर. मी अंतराचा खेळ खेळत होते आणि त्याच आठवड्यात लोक तेच अंतर पायांनी मोजत होते. गच्ची, पाइप, पाच टक्के, सगळ्याची लाज वाटली. अण्णांना फोन करून तसं म्हणाले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एसटी पायजे होती रस्त्यावर. रिकाम्या उभ्या हाईत डेपोत." पुढे मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायला एसटी धावली, तेव्हा ते रोज जुन्या सहकाऱ्यांना फोन करून कुठली गाडी कुठे गेली ते विचारायचे आणि मला सांगायचे.

माझी लाज त्यामुळे गेली नाही. जायला नकोच होती. मोजणं मात्र मी सोडलं नाही.

१३ मेला पुण्याची पाळी. ढग येत-जात होते. साडेबाराला दोनेक मिनिटं ऊन पडलं आणि बिंब किल्लीच्या बरोबर खाली आलं. माझ्या पायांभोवती सावली अशी नव्हतीच. कोल्हापुरात तोवर सूर्य ओलांडून पुढे गेला होता. अण्णांचं बिंब आता दक्षिणेला, तीन सेंटिमीटरवर पडत होतं.

"तुझी गेली का?"

"गेली."

"हं." मग थोडं थांबून, "तू जानेवारीत म्हणालीस ते मला तवा पटलं नव्हतं. आजून पटलंय असं न्हाई. पण मी बोललो ते बोलायचं नव्हतं."

मला काय बोलावं सुचेना. मी म्हणाले, "मीपण."

"फोन करत जा," ते म्हणाले. "आईकडं देऊ?"

"नको, थांबा जरा."

त्या दिवशीचा कॉल बावीस मिनिटांचा आहे.

बॅकलॉगची शीट मी नंतर उघडली नाही. त्यातली प्रत्येक ओळ मी एकटीने, स्वतःसाठी करायची होती. ज्याला पलीकडे कुणी लागेल असं त्यात काहीच नव्हतं. तुमच्याकडे अशी यादी असेल तर तिच्यात एक तरी काम असं घाला, जे दुसऱ्या गावातल्या माणसाशिवाय होणारच नाही.

२० ऑगस्टला जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या एसटी सुरू झाल्या. पुढच्याच आठवड्यात मी स्वारगेटहून कोल्हापूरची गाडी पकडली. खिडकीशी बसून टप्पे मोजायचं ठरवलं होतं, कराडच्या पुढे झोप लागली. स्टँडवर अण्णा मास्क लावून उभे होते. घरी अंगणात सळई तशीच होती, पावसाने गंजलेली, वर पुठ्ठ्याचा लगदा. सूर्य ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत एकदा डोक्यावरून गेला होता, पण कोल्हापूरचा पाऊस. काही दिसलं नाही.

"काढून टाकू का ही?" आईने विचारलं.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "मे महिन्यात लागंल."