पिशवीतलं फावडं

भाचा उद्या गुलमर्गला निघतोय, स्कीइंगला. संध्याकाळी हर्सूल तलावाच्या काठावर त्यानं तिरप्या वहीवर रेती ओतली. थोडा वेळ टिकली, मग अख्खा थर एकदम घसरला. "मामा, बर्फाचंही असंच. खाली भुसभुशीत थर, वर ताजा घट्ट थर, उतार ३० ते ४५ अंशांचा. एका माणसाचं वजन पुरतं."

मला फेब्रुवारी २०१६ आठवला. सियाचीनमध्ये हिमस्खलनात १० जवान गाडले गेले, त्यांत आपल्या साताऱ्याचे सुनील सूर्यवंशी. सहा दिवसांनी जिवंत सापडलेले हणमंतप्पाही गेले. तेव्हा रोज बातम्यांपुढे बसून होतो.

ताजा बर्फ पडला की दोन दिवस उतारावर जायचं नाही, एवढं कबूल करून घेतलं. गाडलेल्याचा माग देणारं बीकन, टोचून शोधायची सळई, उकरायला फावडं. पिशवी मी दोनदा उघडून पाहिली.